आईचं गणित

"मुंबईपासून न्यूअर्क किती लांब गं?" धाकटा पहिल्यांदा अमेरिकेला निघाला तेव्हा आईने विचारलं. मी फोनवर बघून सांगितलं, "साडेबारा हजार किलोमीटर." तिच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. कोल्हापूर ते मुंबई पावणेचारशे, इथवर तिला समजतं. त्यापुढचे आकडे म्हणजे सरकारचं बजेट.

मग भाच्याचा पृथ्वीगोल काढला आणि शिवणाच्या डब्यातला दोरा. भिंतीवरच्या नकाशात अमेरिका सरळ पश्चिमेला दिसते. गोलावर दोरा ताणला, तर तो वायव्येला निघाला. मॉस्कोजवळून स्वीडन, मग आइसलंड, ग्रीनलंडचं खालचं टोक आणि तिथून खाली न्यूअर्क.

"एवढ्या बर्फातनं कशाला नेतात?"

"तीच जवळची वाट आहे, आई."

अर्थात दोऱ्याला सरहद्दी कळत नाहीत. कुठे युद्ध, कुठे बंद केलेलं आकाश. विमानाला वळसे घ्यावेच लागतात. हे मी आईला सांगितलं नाही. उगाच देव पाण्यात ठेवले असते.

विमान रात्री एकला सुटलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याचा फोन आला, "पोचलो. इथं सकाळचे साडेसहा वाजलेत." आईने बोटं मोजली. "एक ते साडेसहा. म्हणजे साडेपाचच तास की! आपली एसटी याच्यापेक्षा जास्त घेते." सोळा तासांतून हिवाळ्यातले साडेदहा तासांचे अंतर वजा झाले, हे समजावताना माझीच दमछाक झाली.

खरी पंचाईत तो परत यायला निघाला तेव्हा झाली. तिकडून रात्री साडेआठला निघणार, इथे दुसऱ्या रात्री साडेनऊला उतरणार. आईच्या हिशेबाने पंचवीस तास! प्रत्यक्षात येताना विमान दीडेक तास कमीच उडतं. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. जाताना ते तोंडावर येतात, येताना पाठीवर. घड्याळ मात्र नेमकं उलटं सांगतं. आईला वाऱ्याचं लगेच पटलं. सायकलवरून शाळेत जाणारी बाई ती. पण पंचवीस तास काही तिने सोडले नाहीत. "माझं लेकरू एक अख्खा दिवस वाटेत आहे," हेच शेजारी सांगत होती.

विमान हवेत होतं तोवर ती तशी निवांत होती. आइसलंड, स्वीडन यांची तिला काय ओळख? तो मुंबईत उतरून रात्रीच्या बसमध्ये बसला आणि तिची झोप उडाली. "खंबाटकी उतरला का? सातारा गेलं का? फोन लाव की." कराड झालं, पेठ नाका झाला. सकाळी त्याने किणी टोलनाका म्हणून कळवलं, तेव्हा कुठे तिने परातीत भाकरीचं पीठ घेतलं.