वालाच्या बांधावरचा गप्पीदास

पोयनाडवरून अलिबागकडे धावणाऱ्या गाड्यांना समुद्र गाठायचा असतो. मी दर हिवाळ्यात अलीकडेच उतरतो, खारेपाटात, म्हणजे खाडीलगतच्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यात. चरीच्या जवळच मामाचं गाव आहे. यंदा जानेवारीत गेलो आणि पहाटे सहाला दुर्बीण गळ्यात अडकवून त्याच्यासोबत शेतात निघालो.

"बांधावरनंच चाल, वालात पाय घालू नको," मामानं बजावलं.

गावालगतच्या गोड्या जमिनीत भात निघालं की वाल पेरतात. मातीत उरलेल्या ओलीवर आणि दवावर तो येतो, वेगळं पाणी लागत नाही. पायाखालचं गवत इतकं ओलं होतं की दहा मिनिटांत चपला पचपचायला लागल्या.

पहिल्याच वळणावर एका वाळक्या खोडाच्या शेंड्यावर गप्पीदास पक्षी बसलेला. नर होता. डोकं काळं, मानेच्या बाजूला पांढरा पट्टा, छातीवर तांबूस रंग, तो ऊन पडताच उजळला. जेमतेम पंधरा ग्रॅमचा जीव, आणि हिमालयापलीकडून इथवर आलेला! शेपटी झटकायची, खाली झेप घ्यायची, किडा उचलायचा आणि पुन्हा त्याच शेंड्यावर येऊन बसायचं. आजूबाजूला मेरेवर झुडपं होती, तरी त्याला तेच खोड हवं होतं. मी अर्धा तास तिथंच उकिडवा बसलो.

पुढं तारेवर वेडे राघू, एक नीळकंठ, गुरांच्या पायांत गायबगळे. धोबी तर पावलापावलावर.

वाल संपला की खारी शेतं लागतात. पावसाळ्यात एकच भाताचं पीक, मग नुसते सड. बाहेरच्याला हे माळरान ओसाड वाटतं. तेवढ्यात सडांवरून हातभर उंचीनं भोवत्या हा शिकारी पक्षी आला. पंख वर उचलून इंग्रजी 'व्ही'सारखे धरलेले, मान खाली, एकेक चोंढा, म्हणजे भाताचं खाचर, चाळत गेला. त्याच्यापुढं तीरचिमण्या भुर्रकन उठत होत्या आणि टिटव्यांनी रान डोक्यावर घेतलं होतं.

खाडीच्या बांधावर उघाडी, म्हणजे पाण्याचं दार आहे. ओहोटीला तिची झापं उघडतात, आतलं पाणी बाहेर जातं; भरतीला ती मिटतात. ती नीट राहिली तरच आत भात पिकतं. पलीकडे मागच्या पावसात बांधाला खांड पडून खारं पाणी आत शिरलं होतं, तिथं चिखलात तुतारी आणि शराटी हे पक्षी चरत होते. मला ते बघून आनंद झाला. मामा मात्र खांडीकडे बघत गप्प उभा होता. त्याचं भात गेलं होतं, हे माझ्या उशिरा ध्यानात आलं.

याच चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ साली शेतकरी नेते नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली खोतांविरुद्ध, म्हणजे जमीनदारांविरुद्ध, संप पुकारला आणि १९३९ पर्यंत जमिनी कसल्या नाहीत. ज्या मातीसाठी माणसं उपाशी राहिली, तिच्यावर आता रस्त्याकडेला मुरमाचे भराव पडताहेत. गेल्या वर्षी जिथं मी चंडोल बघितला, तिथं यंदा कुंपण आहे. पोटात तुटतं.

परतताना गप्पीदास त्याच खोडावर होता. मामा कोयत्यानं बांध साफ करायला लागला तसा तो उडून मेरेवर गेला. खोडापाशी आल्यावर मामानं कोयता थांबवला, माझ्याकडे एकदा बघितलं आणि ते सोडून पुढचं गवत कापायला घेतलं.