आमची वाटचाल : हळदीचा पिवळा

सांगलीच्या मार्केट यार्डाजवळ आमचं छपाईचं दुकान आहे. हळदीच्या पुड्यांची लेबलं, बेदाण्याच्या बॉक्सवरची स्टिकरं, लग्नाच्या शे-दोनशे पत्रिका, सोसायट्यांचे अहवाल. आकडा काही हजारांवर गेला की गिऱ्हाईक ऑफसेटकडे, म्हणजे प्लेट बनवून छापणाऱ्या मोठ्या छापखान्याकडे जातं, आणि ते बरोबरच आहे. प्लेटचा खर्च तिथेच वसूल होतो. आम्ही त्याखालच्या कामावर जगतो. त्या कामाचा जीव रंगीत लेसर प्रिंटरमध्ये आहे, आणि तो कसा निवडावा हे आमच्याइतकं सोसून इथे कोणी शिकलेलं नाही, असं मी ठामपणे म्हणतो.

दुकान सुरू झालं ते मामांच्या भागीदारीत. मामा ट्रेडलवाले, म्हणजे खिळ्यांच्या जुन्या छपाई यंत्रावरचे. खिळे जुळवण्यात आयुष्य गेलेलं, कागद दोन बोटांत धरून जीएसएम (चौरस मीटरला किती ग्रॅम, म्हणजे कागदाची जाडी) सांगायचे. त्यांचं हाताचं कटिंग मशीन अजून आमच्याकडे आहे, बिडाचं, चाक फिरवून दाब द्यायचं. नवी मुलं म्हणतात, इलेक्ट्रिक घ्या. ३०० जीएसएम कार्डाचा गठ्ठा त्या पात्याखाली कसा सरळ कापला जातो ते आधी बघा, मग बोला. कॉम्प्युटरला मामांनी हात लावला नाही, पण पहिलं रंगीत मशीन आलं तेव्हा त्यांनी एक वही घातली. कुठलं कार्ट्रिज (टोनरची, म्हणजे रंगाच्या पावडरीची डबी) कधी बसवलं, मशीनचा पानांचा काउंटर तेव्हा किती होता, संपलं कधी. निळा, लाल, पिवळा, काळा, असे चार रकाने. दुकान वाचलं त्यात या वहीचा वाटा मोठा आहे.

पहिली काही वर्षं बरी गेली. मग समोरच्या गाळ्यात नवं दुकान आलं आणि त्याच्या बोर्डावर आलं : रंगीत प्रिंट ३ रुपये. आमचा दर तेव्हा साध्या पानाला १० होता आणि लेबलाच्या भरगच्च शीटला २५. त्यांचा सगळ्यालाच ३. गिऱ्हाईक रांगेने तिकडे गेलं. वर्षानुवर्षं ज्यांच्या घरच्या पत्रिका आम्ही उधारीवर केल्या, ते रस्ता ओलांडताना आमच्याकडे बघेनासे झाले.

मामांनी वही उघडून हिशेब मांडला. तो सगळ्यांनी नीट समजून घ्यावा. कार्ट्रिजच्या खोक्यावर लिहिलेली पानं आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या १९७९८ या चाचणीने मोजलेली असतात, आणि त्यात एका रंगाची पावडर पानाचा साधारण ५ टक्के भागच व्यापते असं धरायचं. म्हणजे लेटरहेड, एखादा लोगो. समजा कार्ट्रिज ६,००० रुपयांचं आणि २,००० पानांचं. छान, पानाला ३ रुपये. आता हळदीचं लेबल घ्या. निम्मी शीट गडद पिवळी. ५ टक्क्यांच्या जागी ५० टक्के, म्हणजे २,००० ची २०० पानं झाली आणि एकट्या पिवळ्याचा खर्च ३० रुपये! त्यात लाल आणि काळा अजून धरलेला नाही. ३ रुपयांत ती शीट कोणालाच परवडत नाही. परवडते ती फक्त जुन्या कार्ट्रिजमध्ये भरलेल्या सुट्या पावडरीवर. ती पावडर त्या मशीनच्या फ्यूजरच्या, म्हणजे पावडर तापवून कागदावर पक्की करणाऱ्या भागाच्या, तापमानाला धड वितळत नाही. कागदावर नुसती बसते आणि घडीवर सुटते.

हे ओळखलं ते हळदवाल्या अण्णांनी. त्यांनी दोन्हीकडची लेबलं शेजारी ठेवली, अंगठ्याने घासली, पुडी दुमडली आणि म्हणाले, "तुझा रंग हळदीचा हाय, त्यांचा हाताला लागतोय. माझ्या मालात भेसळ हाय म्हणतील लोक." त्यांचं एक लेबलही कधी रस्त्यापलीकडे गेलं नाही.

खरा घाव मात्र समोरून आला नाही. दर उतरवता यावा म्हणून एका डीलरने आम्हाला मशीन प्रति-प्रत कराराने, म्हणजे छापलेल्या पानागणिक पैसे घेण्याच्या बोलीवर दिलं, अनामत घेऊन. कार्ट्रिजही त्यानेच पुरवली, कंपनीची नव्हे, कंपॅटिबल, म्हणजे दुसऱ्याने बनवलेली पण त्यात बसणारी. "चालतात साहेब, गॅरंटी माझी," हे त्याचे शब्द. ऐन हळदीच्या सौद्यांच्या हंगामात मशीनने रात्री स्वतःच नवं फर्मवेअर (मशीनमधलं चालवणारं सॉफ्टवेअर) उतरवून घेतलं, आणि सकाळी पडद्यावर संदेश : हे कार्ट्रिज चालणार नाही. मशीन कार्ट्रिजवरची चिपच ओळखायला तयार नाही. चारही भरलेली, चारही निकामी. डीलर म्हणाला, हा कंपनीचा विषय. कंपनीचा माणूस म्हणाला, तुम्ही आमचा माल वापरत नाही. मूळ कार्ट्रिज गावात कुठे शिल्लक नाही. ऑर्डरी घेतलेल्या, दोन पोरांचे पगार, गाळ्याचं भाडं. त्या महिन्यात घरातलं सोनं तारण गेलं. मामा रोज येऊन कटिंग मशीनला तेल घालून बसायचे, कारण कापायला काहीच नव्हतं.

अण्णांनी पुढच्या हंगामाच्या लेबलांचे पैसे आगाऊ आणून दिले. कागद केला नाही, पावती मागितली नाही. त्या पैशांवर आणि बँकेच्या थोड्या कर्जावर आम्ही स्वतःचं मशीन घेतलं, आणि ते वही समोर ठेवून घेतलं. किंमत जवळजवळ दुप्पट होती. पण त्याचं कार्ट्रिज १०,००० पानांचं, १२,००० रुपयांना. अण्णांच्या शीटला पिवळा १२ रुपयांत बसतो. ड्रम (ज्यावर चित्र उमटून कागदावर जातं तो नळा) वेगळा, टोनर संपला की टोनरच बदलायचा. क्योसेरा कंपनीने १९९२ पासून इकोसिस मालिका याच कल्पनेवर उभी केली, ब्रदरही ड्रम वेगळा देतं. आम्ही कुठलं घेतलं ते सांगत नाही, कारण मॉडेल बदलत राहतात, हिशेब बदलत नाही.

विचारलं नाहीत तरी सांगतो. नव्या मशीनसोबत येणारं कार्ट्रिज बहुतेकदा स्टार्टर असतं, अर्धवट भरलेलं; त्यावरून खर्च काढू नका. ड्रम, बेल्ट (रंग कागदावर नेणारा पट्टा), फ्यूजर आणि वेस्ट टोनरचा, म्हणजे वाया गेलेल्या पावडरीचा डबा यांचे दर डीलरकडून मशीन घेण्याआधी लेखी घ्या, नंतर तो फोन उचलत नाही. एकेक पान सुटं सुटं काढलंत तर ड्रम लवकर झिजतो, कारण प्रत्येक जॉबच्या आधी आणि नंतर तो रिकामा फिरतो. म्हणून कामं साठवून एकदम सोडा. नुसत्या काळ्या पानांसाठी साधं मोनो (एकरंगी) मशीन वेगळं ठेवा. इंकजेटची स्टिकर शीट लेसरमध्ये कधीही घालू नका, तिचा थर फ्यूजरला चिकटतो आणि फ्यूजर जातो. पावसाळ्यात रिम उघडी टाकू नका. अर्थिंग तपासा. छोट्या यूपीएसवर लेसर लावू नका, फ्यूजर तापताना जो करंट ओढतो तो त्याला झेपत नाही. आणि फर्मवेअरचं आपोआप अपडेट पहिल्या दिवशी बंद करा.

समोरचं दुकान पुढे बंद पडलं. बोर्ड उतरवताना मामा पायरीवर उभे राहून बघत होते, बोलले काही नाहीत. आता ते नाहीत. वही माझी मुलगी लिहिते, त्याच चार रकान्यांत. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय (भौगोलिक निर्देशांक) मानांकन मिळालं आणि चांगल्या लेबलाची मागणी वाढली, त्याचा आम्हाला उपयोग झाला. अण्णांचा मुलगा आता ऑर्डर व्हॉट्सअॅपवर पाठवतो. पण त्या ३ रुपयांच्या काळात गेलेली पत्रिकांची घरं काही परत आली नाहीत, आणि डीलरकडची अनामत आजपर्यंत मिळालेली नाही. त्याला पाठवलेल्या रजिस्टर्ड पत्रांच्या पोचपावत्या माझ्याकडे आहेत, आणि रक्कम मी सोडलेली नाही.