निळा दिवा

आमच्या घरी हिशोबाची वही बायको ठेवते. डिझेल किती, भाडं किती, पंक्चर, चहा, हप्ता, सगळं त्यात. गेल्या वर्षीच्या मार्चच्या पानावर हप्ता आणि टायर यांच्या मधे एक ओळ आहे : "निळा दिवा – ६५००". मी तिला दोनदा सांगितलं होतं की ती चिप आहे, इंजिनाची ताकद वाढवते. तिने बॉनेट उघडून पाहिलं, तिला दिवा दिसला, तिने दिवा लिहिला.

माझी पिकअप २०१८ची, बीएस-४ (धुराच्या नियमांचा चौथा टप्पा), अडीच लिटरचं टर्बो डिझेल इंजिन. २०२१मध्ये सेकंडहँड घेतली. मी पालीचा, म्हणजे रत्नागिरीजवळच्या पालीचा. गणपतीवाल्या पालीचा नव्हे. आंब्याच्या दिवसांत रत्नागिरी-कोल्हापूर हा आमचा धंदा. अंतर सुमारे १३० किलोमीटर, पण साखरप्यानंतर आंबा घाट आडवा येतो आणि नेमका भरलेल्या गाडीने चढायचा असतो. वर जाताना हापूसच्या सत्तर पेट्या, उतरताना गूळ नाहीतर कांदे-बटाटे. कोकणातल्या गाडीवाल्याचं नशीबच उलटं : माल भरला की चढ.

त्या मार्चमध्ये गाडी ओढेना. पूर्वी घाटातली जी वळणं तिसऱ्या गिअरवर निघायची तिथे दुसरा टाकावा लागे, आणि दुसऱ्यावरही दम कोंडल्यासारखी चाले. मागून येणाऱ्या एसटीने दोनदा हॉर्न मारून मारून मला बाजूला घ्यायला लावलं. पहाटे साडेतीनला एसटीच्या ड्रायव्हरने आपल्याला कडेला घ्यायला लावणं म्हणजे काय, ते गाडीवाल्यालाच कळेल.

कोल्हापुरात मार्केट यार्डात माल उतरवून चहा पीत होतो. शेजारच्या गाडीवाल्याने एका अॅक्सेसरीजच्या दुकानाचा पत्ता दिला. दुकानातला पोरगा पंचविशीचा, बोलायला एकदम गोड.

"दादा, चिप मारा. वीस हॉर्सपॉवर वाढतोय, आन् अॅव्हरेज बी वाढतोय."

"इंजिनाला काही होणार नाही ना?"

"काय न्हाई वो. कॉम्प्युटरचं काम हाय, इंजिनाला हात बी लावायचा न्हाई."

या शेवटच्या वाक्याला मी फसलो. पंधरा मिनिटांत काम झालं. इंजिनावरच्या एका सेन्सरचा प्लग काढला, मधे काडेपेटीपेक्षा जरा मोठी काळी डबी जोडली, बॅटरीच्या पट्टीला झिपटायने बांधली. आत एक ते नऊ आकड्यांचं बटण होतं. "लोडच्या गाडीला सहा," म्हणाला आणि झाकण लावलं. निळा दिवा लागला.

खोटं कशाला बोलू, गाडी पळाली. पहिले पंधरा दिवस मी हवेत होतो. घाटात तिसऱ्यावर चढायची, पाय दाबला की अंगात आल्यासारखी उठायची. सायलेन्सरमधून काळा धूर निघत होता, पण आरशात तो मला ताकदीचाच पुरावा वाटायचा. एका एसटीला मीच मागे टाकलं. (तीच एसटी होती असं मी सगळ्यांना सांगितलं. नक्की नाही.)

मग वास यायला लागला. घाटाच्या वरच्या टप्प्यात, जळक्या ब्रेकसारखा, पण ब्रेकचा नव्हे. इंजिनाचा आवाज चढायचा आणि गाडी तिथल्या तिथे. क्लच घसरत होता. पाली सोडून लांजाला जाऊन क्लचप्लेट, प्रेशरप्लेट बदलली, साडेनऊ हजार. गाडी जुनी आहे, घाटात चालते, क्लच जायचाच, अशी मी मनाची समजूत घातली. डबीचा संशय आलाच नाही. आला असेल तर मी तो येऊ दिला नाही.

पीयूसीवालाही काही बोलला नाही, नुसतं मशीन माझ्याकडे वळवलं. डिझेल गाडीला सायलेन्सरमध्ये नळी घालून मोकळी रेस देतात आणि धुराचा दाटपणा मोजतात. बीएस-४ला मर्यादा १.६२. माझा आकडा ३च्या वर. "फिल्टर बदला, नोझल साफ करा, मग या," एवढंच. एअर फिल्टर बदलला, डिझेल फिल्टरही बदलला. महिनाभरात डिझेल फिल्टर दुसऱ्यांदा बदलला, कारण तोवर नवं दुखणं सुरू झालं होतं.

एप्रिलची सोळा-सतरा तारीख. गाडीत सत्तर पेट्या, त्यातल्या वीस माझ्या सख्ख्या मामाच्या. घाटाच्या मध्यावर इंजिनाचा पिवळा दिवा लागला आणि गाडीने मान टाकली. पाय तळापर्यंत दाबला तरी रेस दोन हजारांच्या वर जाईना. कडेला घेतली, बंद केली, पाच मिनिटांनी चालू केली, ठीक चालली. दोन वळणांनी पुन्हा तेच. तीन वेळा करत करत आंबा गाव गाठलं. बाजारात पोचलो तेव्हा सौदे संपत आले होते. मामा काही बोलला नाही. मामा बोलत नाही तेव्हाच जास्त बोलतो.

कोल्हापुरात स्कॅनर लावला, गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा. कोड आला : रेलचं प्रेशर कमी. म्हणून फिल्टर. पुन्हा तेच, म्हणून डिझेलमध्ये पाणी आहे का पाहिलं. पुन्हा तेच, तेव्हा एकाने सांगितलं, पंप गेलाय, तीस-पस्तीस हजार धरून चला.

पंप घ्यायच्या आधी गाडी चाचांकडे नेली. आमच्याकडचे जुने मेस्त्री, सत्तरीला आलेत, डोळ्यांना कमी दिसतं, पण कानाने गाडी बघतात. बॉनेट उघडताच त्यांनी डबीवर बोट ठेवलं.

"हे काय बांधलंस रे? गाडीला तावीज?"

सांगितलं. हसले नाहीत. व्होल्ट मोजायचा मीटर मागवला, मला शेजारी उभं केलं आणि जे दाखवलं ते मी आयुष्यभर विसरणार नाही.

हल्लीच्या डिझेल इंजिनात पंप डिझेल दाबून एका जाड नळीत भरून ठेवतो. तिला रेल म्हणतात. सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारी चारही नोझल त्या रेलवरून डिझेल घेतात आणि कॉम्प्युटर सांगेल तेवढाच वेळ उघडतात. टायरमध्ये तीन-चार बार हवा असते. पूर्ण लोडवर या नळीत चौदाशे-सोळाशे बार दाब असतो. किती दाब आहे ते रेलवरचा सेन्सर कॉम्प्युटरला व्होल्टमध्ये कळवतो. डबी बसली होती ती नेमकी या दोघांच्या मधे.

चाचांनी मीटरची एक सुई सेन्सरकडून डबीत जाणाऱ्या वायरला टेकवली, मला रेस द्यायला लावली. २.५. सुई डबीच्या पलीकडे, कॉम्प्युटरकडे जाणाऱ्या वायरला लावली, तेवढीच रेस. २.२.

"बघ. सेन्सर म्हणतो अडीच, ही सांगते सव्वादोन. कॉम्प्युटर बिचारा घाबरतो, दाब कमी पडला म्हणतो, पंपाला सांगतो, अजून मार. पंप मारतो."

डबीत ताकद वगैरे काही नाही. ती फक्त खोटा निरोप देते. त्या सेन्सरच्या मापाने तेवढ्या फरकात सव्वाशे-दीडशे बार जास्त दाब चढतो. नोझल तेवढाच वेळ उघडतं, पण डिझेल जास्त पडतं. आणि गंमत अशी की स्कॅनर लावला तरी तो कॉम्प्युटरलाच विचारणार, आणि कॉम्प्युटर स्वतःच फसलेला. तीन ठिकाणी तीन स्कॅनर लावले, तिन्ही ठिकाणी डबीने सांगितलेलंच दिसलं. खरा दाब तीस रुपयांच्या वायरीला सुई टोचणाऱ्या माणसाला दिसला.

मग कोड "प्रेशर कमी" असा का? तर दाब हद्दीबाहेर गेला की रेलवरचा सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो, कुकरच्या शिट्टीसारखा, आणि डिझेल परतीच्या नळीने टाकीत सोडून देतो. तो उघडला की दाब धाडकन पडतो. जास्त दाबामुळे कमी दाबाचा कोड. मी फिल्टर बदलत बसलो होतो.

चाचा म्हणाले, हा रोग जुनाच. यांत्रिक पंपांच्या काळात ड्रायव्हर पंपाचा स्क्रू पाव फेरा फिरवून घ्यायचे. पण तेव्हा ज्याने फिरवला त्याला तरी ठाऊक असायचं की आपण डिझेल वाढवलंय.

एक गोष्ट मला तेव्हा समजली आणि ती या चिपवाल्यांच्या व्हिडिओंत कुणी सांगत नाही. मोकळी जीप हायवेवर दहा सेकंद दाबणं वेगळं आणि भरलेली पिकअप घाटात वीस मिनिटं दाबून धरणं वेगळं. पेट्रोलमध्ये डिझेलच्या उलट असतं, त्यामुळे लोकांचा गोंधळ होतो. डिझेल इंजिनात जितकं इंधन जास्त तितका एक्झॉस्ट तापतो. टर्बो, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा, देतो तेवढ्या हवेत जे डिझेल जळत नाही त्याचा धूर होतो, आणि जे उशिरा जळतं त्याची उष्णता पिस्टनच्या माथ्यावर, व्हॉल्व्हवर, टर्बोच्या पंख्यावर बसते. दहा सेकंदांत लोखंड तापत नाही. वीस मिनिटांत तापतं. कंपनीने इंजिनात थोडी ताकद शिल्लक ठेवलेली असते हे खरं, पण मालवाहू गाडीत ती शिल्लक एप्रिलच्या दुपारी भरल्या गाडीने घाट चढण्यासाठीच असते. ती मी आधीच वापरत होतो.

माझा पिस्टन वाचला. तीन नंबरचं नोझल ठिबकत होतं, एक नंबरचं परतीला जास्त डिझेल सोडत होतं. दोन्ही बदलली, प्रत्येकी चौदा हजार. मलकापूरच्या एका मित्राने असलीच डबी बीएस-६ गाडीला लावली होती, त्याचं तर वेगळंच. त्या गाडीत सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारी जाळी असते. ती काजळीने भरली की गाडी जास्तीचं डिझेल सोडून ती जाळून टाकते. त्याची दर दोन दिवसांनी भरायची, आणि जाळताना डिझेल सिलिंडरच्या भिंतींवरून ऑइलमध्ये उतरायचं. ऑइलची दांडी काढली तर पातळी वाढलेली. वाढलेलं ऑइल बघून खूष होणारा तो एकटाच.

अॅव्हरेजचं म्हणाल तर तो हिशोब वहीने दिला. डबीआधी लिटरला १३, डबीनंतर पावणेअकरा. ज्यांच्या डॅशबोर्डवर अॅव्हरेज दिसतो ते शपथेवर सांगतात की वाढला, आणि तेही खोटं बोलत नाहीत. डॅशबोर्डला आकडा त्याच फसलेल्या कॉम्प्युटरकडून मिळतो. टाकी फुल करून किलोमीटर लिहून ठेवा, मग बोला.

हे फक्त आपल्याकडेच चालतं असं नाही. अमेरिकेत तर पिकअप हा घराघरातला प्रकार, तिथल्या ईपीए या पर्यावरण खात्याने २०२०मध्ये अंदाज काढला की दहा वर्षांत साडेपाच लाखांवर डिझेल पिकअपच्या धूर साफ करणाऱ्या यंत्रणा लोकांनी काढून टाकल्या किंवा बंद केल्या. आपल्याकडेही २०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कलम १८२-अ आहे. परवानगी नसलेला फेरफार केलात तर मालकाला प्रत्येक फेरफारामागे पाच हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. रस्त्यावर माझं बॉनेट कुणी उघडलं नाही, ती गोष्ट वेगळी.

आता मूळ दुखणं. डबी काढली, नोझल बसली, गाडी पुन्हा मार्चसारखी. ओढेना. चाचांनी मला रेस धरायला लावली आणि स्वतः टर्बोची हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या रबरी पाइपावरून हात फिरवत गेले. खालच्या बाजूला, क्लिपच्या कडेला, बोटभर चीर. थंड इंजिनावर दिसायची नाही. टर्बोने फुंकर मारली की उघडायची आणि दाबलेली हवा बाहेर. चाचांनी माझा हात धरून तिथे ठेवला. तळव्याला गरम वारा लागला.

एवढंच होतं. हवा गळत होती म्हणून गाडी ओढत नव्हती. मी हवा अडवायच्या ऐवजी डिझेल वाढवलं. काळा धूर निघणारच होता. पाइप साडेसातशेचा, मजुरी चाचांनी घेतली नाही, वर म्हणाले, "तावीजवाल्याला देऊन आलास ना, माझं राहू दे." दुसऱ्या दिवशी पीयूसी १.१वर पास. त्या आठवड्यात साखरप्याच्या पुढची वळणं तिसऱ्या गिअरवर निघाली.

दुकानातल्या पोराचा जूनमध्ये फोन आला, स्टेज टू, म्हणजे याहून जोरदार चिप, आलंय म्हणाला. मी पाइपाचं सांगितलं. तो जरा गप्प राहिला, मग म्हणाला, "दादा, पाइप बी मिळतोय आपल्याकडं."

डबी विकावी असं वाटलं होतं. दोन हजार द्यायला एकजण तयारही होता, पण त्याची गाडी मासळीची, रोज घाट. नको म्हटलं. भाद्रपदात पोराने ती खणातून शोधून काढली. सेन्सरच्या प्लगमध्ये ५ व्होल्ट येतात, मोबाइलच्या चार्जरमध्येही ५ व्होल्टच. त्याने जुन्या चार्जरची वायर कापून जोडली आणि गणपतीच्या मखरामागे ठेवली. दहा दिवस निळा दिवा एकदाही विझला नाही.