डेशियाच्या नकाशाची प्रगती: हेड्रियनचा लेयर झाला

रोमन डेशियाच्या, म्हणजे आजच्या रोमानियातल्या रोमन प्रांताच्या, नकाशात मी एकेका सम्राटाच्या काळाचा एकेक लेयर (थर) करतोय; त्यातला हेड्रियनचा अखेर हातावेगळा झाला. ट्रेजनचा इ.स. 106 चा लेयर सोपा होता: एक प्रांत, एक नाव. 117 मध्ये ट्रेजन वारला, शेजारची रॉक्सोलानी टोळी उठली आणि हेड्रियनने ओल्ट नदीच्या पूर्वेचा बराच मुलूख सोडून दिला. नदीकाठचा दक्षिण भाग डेशिया इन्फेरिअर झाला, तर ट्रान्सिल्व्हेनियाचा गाभा डेशिया सुपीरिअर. पुढे त्याच गाभ्याचा उत्तर भाग तोडून डेशिया पोरोलिसेन्सिस केला.

या नावांची वर्षं कळतात ती निवृत्त सैनिकांच्या ब्राँझच्या सनदांवरून, आणि मला या कामात सगळ्यात जास्त गोडी इथेच लागली. सनदेवर तारीख, प्रांत आणि तिथल्या पलटणी कोरलेल्या असतात. सुपीरिअरचं नाव 29 जून 120 च्या सनदेवर आहे, पोरोलिसेन्सिसचं 10 ऑगस्ट 123 च्या. पण सनद म्हणजे प्रांताचा जन्मदाखला नव्हे. त्या दिवशी तो प्रांत अस्तित्वात होता, एवढंच ती सांगते. म्हणून नकाशात 'स्थापना 123' न लिहिता '123 पूर्वी किंवा त्याच वर्षी' असं लिहिलंय.

आतल्या सीमाही अशाच उलगडतात. एखादी पलटण सनदेत कुठल्या प्रांताखाली येते ते पाहायचं आणि तिच्या शिक्क्याच्या विटा कुठल्या किल्ल्यात निघाल्या ते जुळवायचं. उत्तरेत मेसेश डोंगरावर टेहळणी बुरुजांची रांगच असल्याने तिथे ठळक रेघ मारली. सुपीरिअर आणि पोरोलिसेन्सिस यांच्यामधली रेघ मात्र तुटक ठेवली आहे. नापोका आणि पोटाइसा ही शहरं उत्तरेकडे, आपुलम दक्षिणेकडे, इतकं पक्कं आहे. त्याहून नेमकी रेघ मारणं मला पटत नाही, मग छापील नकाशे कितीही ठाम दिसोत.

आता पुढचा लेयर, सम्राट मार्कस ऑरेलियसचा. साधारण 168 मध्ये तिन्ही भाग एका गव्हर्नरच्या हाताखाली आले, नावं पोरोलिसेन्सिस, आपुलेन्सिस आणि माल्वेन्सिस. माल्वा गाव नेमकं कुठे, यावर अभ्यासकांचं एकमत नाही, त्यामुळे नाव प्रांतावर लिहिणार, गावाचा ठिपका देणार नाही.

त्यानंतर सम्राट ऑरेलियन. 270 च्या दशकात त्याने सैन्य डॅन्यूबच्या दक्षिणेला आणलं आणि तिथल्या नव्या प्रांतालाही डेशियाच म्हटलं. त्यासाठी नकाशाची चौकट सेर्डिका, म्हणजे आजच्या सोफियापर्यंत, वाढवून ठेवली आहे. त्यातूनच पुढे रिपेन्सिस आणि मेडिटेरेनिया हे दोन प्रांत निघाले. उत्तरेच्या जुन्या डेशियाला त्या लेयरमध्ये फक्त फिकट बाह्यरेषा द्यायची, रंग नाही, असं सध्या मनात आहे.