बाघच्या चुनखडीतले शिंपले वाचताना

मध्य प्रदेशातले बाघ हे गाव इंदूरहून धारमार्गे साधारण दीडशे किलोमीटर आहे. तिथल्या दगडातले जीवाश्म शिंपले पाहायला डिसेंबरातल्या रविवारी आम्ही पहाटे पाचला निघालो, कारण तिथे तिरप्या उन्हात पोहोचणे आवश्यक असते. ऊन डोक्यावर आले की दगडावरच्या बारीक रेघा दिसेनाशा होतात.

सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वी नर्मदेच्या खोऱ्यात समुद्र शिरला होता. त्यात साचलेल्या थरांचे वर्णन भूवैज्ञानिक प्रमथनाथ बोस यांनी १८८४ मध्ये केले. ओढ्याच्या काठावरच्या गाठाळ चुनखडकात आम्हांला मिळाले ते बहुतेक आतले साचे होते: कवच विरघळून गेलेले आणि आत भरलेला गाळ दगड झालेला. नवख्याला यामुळे निराशा वाटते, परंतु शरीररचना समजून घेण्यासाठी मला असा साचा अखंड कवचापेक्षा मोलाचा वाटतो, कारण शिंपले मिटणाऱ्या स्नायूंच्या खुणा कवचाच्या आतल्या बाजूला असतात आणि त्या साच्यावर उलट्या उमटतात. या खुणांना जोडणाऱ्या प्रावाररेषेत (कवचाच्या आतले मांसल आवरण जिथे चिकटलेले असते, त्या रेषेत) मागच्या बाजूला खोल खाच असेल, तर त्या प्राण्याला आत ओढून घेता येणाऱ्या लांब नळ्या होत्या आणि तो वाळूत पुरून राहत होता, असे समजावे. कालवात (ऑयस्टरमध्ये) मात्र सहसा एकच मोठी खूण दिसते. त्याचे डावे शकल, म्हणजे दोन शिंपल्यांपैकी डावा, तळाला चिकटलेले असते. शकलाच्या आतल्या बाजूवरही दुसरी कालवे वाढलेली दिसली, तर ती प्राणी मेल्यानंतर, शकले उघडी पडल्यावरच बसलेली असतात.

अमोनाइट म्हणजे गुंडाळलेल्या, कप्प्याकप्प्यांच्या कवचाचा, आता नामशेष झालेला समुद्री प्राणी. प्लासेन्टिसेरस या अमोनाइटच्या साच्यावर नक्षीसारख्या नागमोडी रेषा दिसतात. आतले पडदे कवचाला जिथे मिळत, तिथे त्या उमटतात. प्राणी फक्त शेवटच्या कप्प्यात राहत असे आणि मागचे कप्पे त्याला तरंगायला मदत करत. चपट्या, अरुंद कडेच्या या कवचाला पाण्याचा विरोध कमी होत असणार, असा तर्क करता येतो.

दहापट मोठे दाखवणारे भिंग, मऊ ब्रश, पट्टी आणि भरपूर पाणी सोबत न्यावे. फोटोत पट्टी ठेवावी आणि साचा कोणत्या थरात, कोणत्या बाजूने पडला होता ते जागेवरच वहीत लिहावे. नंतर आठवून लिहिलेल्या नोंदीवर मी विसंबत नाही. डायनासोर जीवाश्म राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत जायचे असल्यास वन विभागाकडे आधी चौकशी करावी आणि तिथला एकही दगड उचलू नये. बाहेरच्या शेतात शिरण्यापूर्वी शेतकऱ्याची परवानगी घ्यावी. आमच्या शेतमालक काकांनी तर बांधावरचा सर्वांत सुबक अमोनाइट स्वतःहून दाखवला.