सात सेक्टर

जुलैचा पाऊस आणि खानापूर तालुक्यातलं गाव. सोसायटीच्या मॅनेजरांचा फोन आला, "कॉम्प्युटर सुरूच होईना ओ. पिग्मीचा सगळा हिशोब त्यातच हाय. लगेच येऊन बघा की."

बेळगावहून मी पोचेपर्यंत गावातल्या एका पोरानं त्यावर तीनदा चेकडिस्क, म्हणजे विंडोजचं डिस्क तपासून दुरुस्त करायचं साधन, चालवून ठेवलं होतं. डिस्क मरायला टेकली असताना तिच्यावर एक अक्षरही लिहायचं नसतं, आणि दुरुस्ती करताना चेकडिस्क लिहितं. आधी प्रत, मग दुरुस्ती. एवढी एक गोष्ट कॉम्प्युटर क्लासवाले शिकवत नाहीत, याचा मला मनापासून राग येतो.

डिस्क 320 जीबीची, जुनी, मधूनच टकटक आवाज करणारी. शाळांच्या लॅबमध्ये एका मशीनची इमेज, म्हणजे डिस्कची हुबेहूब प्रत, वीस मशीनवर टाकायला मी क्लोनझिला वापरतो. तैवानमध्ये तयार झालेलं, फुकट, ओपन सोर्स. ते वापरातले ब्लॉक तेवढे उचलतं, म्हणून झटपट होतं. पण खराब सेक्टर, म्हणजे डिस्कवरचा न वाचता येणारा छोटा तुकडा, लागला की अडून बसतं. इथं बिघडलेल्या डिस्कची प्रत काढणारं जीएनयू डीडीरेस्क्यूच हवं होतं. ते आधी सहज वाचता येणारं सगळं उचलतं, अडलं की पुढं उडी मारतं आणि खराब जागांकडं शेवटी वळतं. काय वाचलं, काय राहिलं, याची नोंद मॅपफाइलमध्ये होते. ही फाइल मी बाहेरच्या डिस्कवर ठेवतो. पेनड्राइव्हवरून चालू केलेल्या लिनक्सच्या मेमरीत ठेवली तर लाइटबरोबर तीही जाते. रात्री पावणेदोनला लाइट गेलीच, यूपीएस दहा मिनिटांत बसला. पहाटे लाइट आली तेव्हा काम सोडलं होतं तिथूनच पुढं सुरू झालं.

मॅनेजर रात्रभर बाकावर बसून होते. त्या माणसाबद्दल मला आदर आहे.

तीन फेऱ्या झाल्यावर सात सेक्टर उरले. 512 बाइटचा एक, म्हणजे 3,584 बाइट. एवढ्यावर बहुतेक जण 'झालं' म्हणून बिल देतात. मला ते पटत नाही. इमेजची दुसरी प्रत काढली, डीडीरेस्क्यूच्या फिल-मोडनं त्या सात जागी खुणेचा मजकूर भरला आणि ती खूण कुठल्या फाइलमध्ये सापडते ते शोधलं. पिग्मीच्या रोजच्या वसुलीची फाइल निघाली. फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस प्रोग्रॅमची डीबीएफ फाइल, प्रत्येक नोंद 112 बाइटची. म्हणजे बत्तीस-तेहतीस नोंदी गेल्या, आणि आजूबाजूच्या नोंदींवरून तारीखही कळली.

वसुली करणाऱ्या ताईंनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून वही काढली. त्या दिवसाचं पान होतं, पण खालचा कोपरा भिजून शाई पसरलेली. बाकी सगळ्या नोंदी जुळल्या. शेवटच्या दोघांचं नाव लागत होतं, आकडा लागत नव्हता. ताई पान खिडकीशी धरून कितीतरी वेळ बघत होत्या.

चेकडिस्कच्या आधी ते सात सेक्टर वाचता आले असते का, हे आता कळायला मार्ग नाही. तेच डोक्यातून जात नाही.

त्या शेवटच्या दोघांतल्या एकीनं दुसऱ्याच दिवशी पासबुक आणून दाखवलं. दुसरा गोव्यात कामाला आहे, पासबुक त्याच्याजवळच. ताई रोज फोन लावतायत, अजून लागलेला नाही.