चाळीस सेकंदांची मालिका

दूरचित्रवाणी मालिकेचा प्रोमो आणि चित्रपटाचा ट्रेलर या दोन गोष्टी विद्यार्थ्यांना वरवर सारख्याच वाटतात, आणि जनसंवादाच्या दुसऱ्या वर्षाला तासिका तत्त्वावर शिकवताना माझा पहिला तास दरवर्षी हा फरक उलगडण्यातच जातो. चित्रपटाचा ट्रेलर कापणाऱ्याच्या हाती पूर्ण झालेला चित्रपट असतो. मालिकेचा प्रोमो पुष्कळदा मालिकेचे भाग उभे राहण्याआधीच स्वतंत्रपणे चित्रित होतो. तीस-चाळीस सेकंदांत घरातली माणसे कळली पाहिजेत, त्यांच्यातली तेढ कळली पाहिजे, शेवटी वार आणि वेळ कळली पाहिजे, आणि एवढे सगळे सांगूनही एक गोष्ट राखून ठेवता आली पाहिजे. हे राखून ठेवण्याचे काम संहितेचे, अशी मुलांची समजूत असते. यंदाच्या प्रकल्पात ते बहुतांशी कॅमेरा, ध्वनी आणि संकलन यांच्याच वाट्याला आले, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहावेसे वाटले.

मुलांनी रचलेल्या काल्पनिक मालिकेचे नाव ‘सामाईक’. करवीर तालुक्यातल्या एका गावात जुना वाडा आहे, त्याच्या मधोमध वाटणीची भिंत घातलेली आहे आणि भिंतीच्या दोन्ही बाजूंना दोन जावांचे संसार आहेत. सासऱ्यांच्या निधनानंतर वारसनोंदीचा फेरफार होतो, नवा सातबारा हातात येतो आणि त्यावर दोन्ही भावांच्या नावांखाली तिसरेच एक नाव दिसते. धाकटी विचारते, “जाऊबाई, हे तिसरं नाव कुणाचं?” प्रोमो तिथे तुटतो. कोल्हापूरकडच्या प्रेक्षकाला सातबारा समजावून सांगावा लागत नाही. उलट त्यात खोट असेल तर तीच आधी त्याच्या डोळ्यांत भरते. त्यामुळे वरच्या भागात गाव नमुना सात आणि खाली पिकांचा बारा हे नीट मांडून, कोणतेही राजचिन्ह न वापरता, पूर्वी तलाठी हाताने लिहीत तशा वळणाचा कागद मुलांनी तयार केला, आणि तो चहाच्या पाण्यात बुडवून ‘जुना’ करण्याचा मोह मी वेळीच मोडून काढला, कारण कथेत तो कागद नुकताच मिळालेला आहे.

अभ्यासाचा टप्पा थोडक्यात आटोपतो. यूट्यूबवर चित्रफीत थांबवून स्वल्पविराम आणि पूर्णविरामाच्या कळा दाबल्या की ती एकेक चौकट (फ्रेम) मागे-पुढे सरकते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. या सोयीने मुलांनी अनेक वाहिन्यांचे प्रोमो चौकटीचौकटीने पाहिले आणि सामाईक तक्त्यात त्यांची दृश्ययादी केली. चेहऱ्यांची समीपदृश्ये किती आणि घराची विस्तृत दृश्ये किती थोडी, हे त्या तक्त्यावर एक नजर टाकताच उमगले.

चित्रीकरण मुख्यतः मोबाइलवर झाले. वाड्याच्या स्वयंपाकघरात ट्यूबलाइट होती आणि पहिल्याच चाचणीत पडद्यावर काळसर पट्टे सरकताना दिसू लागले. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधी ट्यूब सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होत असते. मोबाइल मात्र मूळ मांडणीनुसार सेकंदाला ३० चौकटी टिपतो आणि शटरचा वेग स्वतःच ठरवतो. या दोन्हींचा मेळ बसत नाही आणि त्याचे पट्टे उमटतात. सेकंदाला २५ चौकटी आणि शटर १/५० असे हाताने ठरवले की ते नाहीसे होतात. मोबाइलच्या मूळ कॅमेऱ्यात बहुधा २५ चौकटींचा पर्याय नसतो, पण ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे फुकट मिळणारे अॅप ती सोय देते. ज्यांच्या मोबाइलवर ते चालत नव्हते, त्यांची दृश्ये खिडकीच्या उजेडात घेतली आणि ती अधिक चांगली आली, हेही नोंदवायला हवे.

खरा प्रश्न सातबाऱ्याच्या दृश्याचा होता. तिसरे नाव आहे एवढे प्रेक्षकाला दिसले पाहिजे, पण ते वाचता येता कामा नये. पहिला उपाय लेन्सचा. महाविद्यालयाच्या जुन्या डीएसएलआरला ५० मिलिमीटरची लेन्स लावून छिद्र एफ १.८ इतके उघडले, तर जवळच्या वस्तूवर जेमतेम बोटभर जाडीचा पट्टाच स्पष्ट राहतो. कागद तिरका धरून दोन्ही भावांची नावे स्पष्ट आणि तिसरे नाव धूसर असे दृश्य कॅमेरा सांभाळणाऱ्या मुलाने मोठ्या कौशल्याने टिपले. वर्गात दाखवल्यावर मात्र बहुतेकांना तो फोकस चुकल्याचा प्रकार वाटला. धूसरपणा हेतुपुरस्सर आहे हे कळण्यासाठी नजर आधी त्या नावाकडे जाऊन अडावी लागते, आणि इथे ती आपसूकच वरच्या स्पष्ट अक्षरांवर स्थिरावत होती.

दुसरा उपाय संकलनाचा. डाविंची रिझॉल्व्ह या संकलनाच्या सॉफ्टवेअरच्या विनामूल्य आवृत्तीत काम चालले होते. संगणक जुने असल्याने मूळ चित्रफितींच्या हलक्या प्रॉक्सी प्रती करून घेतल्या, म्हणजे टाइमलाइन अडखळत नाही. नाव स्पष्टच दाखवायचे, पण फक्त बारा चौकटी, म्हणजे अर्ध्या सेकंदाहून किंचित कमी, असे ठरले. दूरचित्रवाणीच्या काळात ही युक्ती चपखल बसली असती, कारण तिथे दृश्य सरले की सरले. आज प्रोमो प्रथम मोबाइलवर पाहिला जातो आणि मोबाइलवरचा प्रेक्षक बोट टेकवून चित्र थांबवतो, स्क्रीनशॉट घेतो, तो मोठा करून वाचतो. वर्गातल्याच एका मुलीने प्रोमो संपायच्या आत ते नाव गटात टाकले होते. काही क्षणांपुरते दाखवून लपवणे ही गोष्ट या माध्यमात जवळजवळ उरलेली नाही, आणि मालिकांच्या प्रसिद्धीचा विचार करणाऱ्यांनी ती गांभीर्याने घ्यावी असे माझे मत आहे.

शेवटी जे दृश्य ठरले त्यात थोरली जाऊ कागद हातात धरते, तेव्हा तिचा अंगठा नेमका तिसऱ्या नावावर येतो. सहज धरल्यासारखा येतो की मुद्दाम झाकल्यासारखा, हे प्रेक्षकाला ठरवता येत नाही आणि प्रोमोतील सगळा संशय त्या अंगठ्यात सामावतो. त्यापुढे तिच्या चेहऱ्याचे जे समीपदृश्य येते, ते प्रत्यक्षात ती स्वयंपाकघरात दुधावर लक्ष ठेवून उभी असतानाचे आहे. शंभर वर्षांपूर्वी रशियात लेव्ह कुलेशॉव्हने एकच निर्विकार चेहरा वेगवेगळ्या दृश्यांशेजारी ठेवून दाखवले होते की, भाव प्रेक्षक स्वतःच भरतो; पुस्तकात वाचलेला हा परिणाम स्वतःच्या टाइमलाइनवर घडताना पाहिल्यावर मुलांनी त्या चेहऱ्याला आणखी काही करायला लावण्याचा हट्ट सोडला.

वेगवेगळ्या चेहऱ्यांवर तीन-तीनदा झेपावणारा कॅमेरा आणि सोबत विजेचा कडकडाट, ही आपल्या मालिकांची ठेवणीतली खूण मुलांना वापरायचीच होती. तिची टिंगल करणे सोपे आहे. माझ्या मते तिच्यामागे साधे व्यवहारज्ञान आहे: रोज एक भाग तयार करायचा असतो, आणि प्रेक्षक अनेकदा भाजी चिरता चिरता नुसत्या कानांनी मालिका पाहत असतो, त्याला मान वर करायला लावणारा आवाज हवाच असतो. पण चाळीस सेकंदांच्या प्रोमोला असा उधळेपणा परवडत नाही, हे पट्टी लावून मोजल्यावर त्यांनाही पटले.

ध्वनीवर सर्वाधिक वेळ गेला आणि तो जायलाच हवा होता. संवाद कॉलरच्या माइकने दुसऱ्या मोबाइलवर वेगळे ध्वनिमुद्रित केले आणि प्रत्येक दृश्याच्या आरंभी टाळी वाजवली, कारण टाळीची टोकदार लहर दोन्ही फितींवर चटकन सापडते. तरीही काही दृश्यांत ओठ आणि शब्द हळूहळू एकमेकांपासून सुटू लागले. मोबाइलच्या मूळ कॅमेऱ्याने टिपलेल्या फितींत चौकटींचा वेग स्थिर नसतो, तो प्रकाशानुसार व प्रोसेसरवरच्या भारानुसार थोडाफार कमी-जास्त होत राहतो, हे त्यामागचे कारण. अशा फिती हँडब्रेक या रूपांतराच्या सॉफ्टवेअरमधून स्थिर वेगाच्या करून घेतल्या आणि मगच संकलनाला घेतल्या.

पार्श्वसंगीतासाठी कुणाचे गाणे उचलायचे नाही, हा नियम मी आधीच घातला होता. कायद्याचा मुद्दा आहेच, शिवाय यूट्यूबची स्वयंचलित यंत्रणा असे संगीत लगेच ओळखते. वर्गातला एक मुलगा हलगी उत्तम वाजवतो. बंद खोलीत हलगीचा कडाका माइकला पेलवत नव्हता आणि लहरींची डोकी छाटली जात होती, म्हणून ध्वनिमुद्रण मैदानावर, माइक बराच लांब ठेवून आणि पातळी जास्तीत जास्त वजा १२ डेसिबलच्या आसपास राखून केले. प्रोमोत हलगीची गती वाढत जाते. थोरली पहिले नाव वाचते, दुसरे नाव वाचते, आणि तिसऱ्यापाशी हलगी एकदम थांबते.

या थांबण्याने एक वेगळाच धडा दिला. संकलन करणाऱ्या मुलीने तिथे ध्वनीची पट्टी पूर्ण रिकामी ठेवली होती. हेडफोन लावून ऐकताना ती शांतता परिणामकारक वाटली; मोबाइलवर पाहणाऱ्यांनी मात्र आवाज गेला असे समजून बटणे दाबायला सुरुवात केली. शांततेलाही आवाज लागतो. चित्रीकरणाच्या दिवशी सगळ्यांना गप्प उभे करून वाड्याचा नुसता आवाज अर्धा मिनिट मुद्रित करून घेतला होता, त्या वेळी मुलांना तो माझा शिक्षकी चक्रमपणा वाटला होता. त्यात आढ्यावरच्या पारव्यांचे घुमणे आहे आणि दूरवरून जाणाऱ्या ट्रॅक्टरची घरघर आहे. तो तुकडा त्या जागी घातल्यावर वाडा ऐकू येऊ लागला आणि जावेचे गप्प होणे तिचे स्वतःचे झाले.

अक्षरांचा प्रश्न मराठीत काम करणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी छळतो. शेवटच्या पाटीवर ‘सोमवार ते शनिवार, रात्री ८ वाजता’ एवढेच लिहायचे होते. एका मुलाने ती आफ्टर इफेक्ट्स या हलत्या अक्षरचित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये केली, तेव्हा शनिवारातली वेलांटी न च्या उजवीकडे जाऊन बसली आणि रात्रीतल्या त्र चे त आणि र वेगळे होऊन मध्ये हलन्त लटकला. दोष फाँटचा नसतो. प्रेफरन्सेसमध्ये मजकुराचे इंजिन ‘साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न’ निवडले आणि मजकूर नव्या लेअरवर घातला की देवनागरी नीट जुळते. फाँटसाठी मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे खुल्या परवान्याचे पर्याय सर्वांना उपलब्ध आहेत. संहितेतला मजकूर मुक्तामध्ये घेतला. वाटणीच्या शोकांतिकेचे शीर्षक गुबगुबीत मोदक फाँटमध्ये हवे, असा एका विद्यार्थ्याचा आग्रह होता. तो मतदानाने फेटाळला गेला.

सर्वांत अनपेक्षित पेच उभ्या आवृत्तीत आला. प्रोमोचे पहिले दृश्य आडव्या चौकटीसाठी रचले होते: मधोमध भिंत, डावीकडे थोरली चुलीपाशी, उजवीकडे धाकटी गॅसपाशी. हेच दृश्य मोबाइलच्या ९:१६ चौकटीत कापले तर दोन्ही जावा बाहेर गेल्या आणि केवळ भिंत उरली. सॉफ्टवेअरची आपोआप चौकट जुळवणारी सोय इथे निरुपयोगी ठरते, कारण ती एका चेहऱ्याचा माग काढते आणि आपल्याला दोन्ही चेहरे एकाच वेळी हवे असतात. मुलांनी शेवटी चौकट आडवी दुभंगली. वर थोरलीचे घर, खाली धाकटीचे, आणि दोहोंमध्ये भिंतीच्या रंगाची जाड रेघ. या मांडणीत थोरली धाकटीच्या डोक्यावर आली, जे आडव्या दृश्यात नव्हते आणि कथेला पूर्ण धरून आहे. उभी आवृत्ती ही आडवीची कापलेली प्रत मानण्याऐवजी चित्रीकरणाआधीच तिचा वेगळा स्टोरीबोर्ड करावा, ही सूचना पुढच्या वर्षीच्या कार्यपत्रिकेत मी घालणार आहे.

अंतिम ध्वनिपातळीबाबत वर्गात मतभेद होते. प्रसारणासाठीची युरोपीय शिफारस वजा २३ एलयूएफएस (कानाला जाणवणारा सरासरी आवाज मोजण्याचे एकक) आहे, तर यूट्यूब साधारण वजा १४ च्या वरचा आवाज स्वतःच खाली आणते. आमचा प्रोमो कोणत्याच वाहिनीवर जाणार नसल्यामुळे दुसरा आकडा धरला, आणि ऐकण्याची अंतिम चाचणी महागड्या स्पीकरवर न घेता सर्वांत स्वस्त मोबाइलवर घेतली. सुरुवातीचा खर्जातला तानपुरा त्यावर पार नाहीसा झाला. हलगी मात्र जशीच्या तशी पोहोचली. तानपुरा काढून टाकला.

प्रकल्पाच्या सादरीकरणात इतर वर्गांतल्या मुलांनी एकच प्रश्न विचारला: ते नाव कुणाचे? लेखन करणाऱ्या दोघींचे त्यावर अजून एकमत नाही. एकीच्या मते ते सासऱ्यांच्या पहिल्या पत्नीच्या मुलीचे आहे, आणि हिंदू उत्तराधिकार कायद्यातल्या २००५च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क असल्याने तिचे नाव भावांच्या रांगेत येणे अगदी रीतसर आहे. दुसरीच्या मते ते जुन्या कुळाचे, म्हणजे ती जमीन कसणाऱ्याचे आहे. पण कुळाचे नाव ‘इतर हक्क’ या रकान्यात लागते, आणि आमच्या दृश्यात अंगठा तर भावांच्या नावांखाली आहे. कुळाची कथा निवडली तर सातबाऱ्याचे दृश्य पुन्हा घ्यावे लागेल, आणि वाड्याचे मालक पुढच्या महिन्यात रंगकाम काढणार आहेत.